बसतो, पण पेलतो का?

तुकोबांची पालखी बारामती, काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी पुढे सरकते, तेव्हा तिच्या पुढेमागे दिंड्यांचे पिकअप आणि टेम्पो धावत असतात. हौद्यात दिंडीचं अख्खं घर भरलेलं: राहुट्या, लोखंडी पाइप, पातेली, शेगड्या, सिलिंडर, शिध्याची पोती, पाण्याची टाकी, पन्नास-साठ जणांच्या पिशव्या. परदेशात काही लोक पिकअपवर झोपायची खोली चढवून भटकतात, तिला कॅम्पर म्हणतात. आपल्याकडे पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरणारी गाडी म्हणजे ही.

वारीच्या आधी अशा गाडीचे टायर बदलायचं ठरतं. वर्गणीचा पैसा मोजका. चार चांगल्या टायरांना पंचवीस-तीस हजार जातात आणि तेवढ्यात कितीतरी पंगती उठतात. दुकानदार त्याच मापाचा एक स्वस्त टायर दाखवतो. ‘बसतो की,’ म्हणतो. खरंच बसतो. प्रश्न पेलण्याचा आहे.

टायरच्या कडेला मापानंतर एक आकडा असतो, लोड इंडेक्स. १०० असेल तर तो टायर ८०० किलो पेलतो, १०८ म्हणजे १००० किलो, ११२ म्हणजे ११२० किलो. आता हिशेब करू. भरलेल्या गाडीचं वजन तीन टन धरा. पिकअपमध्ये माल मागे असतो, म्हणून त्यातले दोन टन मागच्या दोन चाकांवर आले असं समजू. एकेका टायरवर १००० किलो. १०८ चा टायर म्हणजे काठोकाठ. वळणावर उंच रचलेला माल कलला की बाहेरच्या चाकावर आणखी भार येतो, म्हणून ११२ हवा. आणि माणसं वाहणाऱ्या गाडीसाठी बनवलेला १०० चा टायर त्याच रिमवर गुपचूप बसतो आणि पहिल्या दिवसापासून २०० किलो कमी पडतो. तो लगेच फुटत नाही. जास्त भार किंवा कमी हवा असली की टायरची कड प्रत्येक फेरीला जास्त दबते, तापते, आतले थर हळूहळू सुटू लागतात. बाहेरून काहीच दिसत नाही.

म्हणूनच ‘आजवर काही झालं नाही’ हे वाक्य इतकं पटतं. १८७७ साली विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने श्रद्धेच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं, डागडुजीला आलेलं. मालकाच्या मनात शंका येते. पण एवढ्या सफरी झाल्या, हीही होईल, देव सांभाळेल, अशी तो स्वतःची समजूत घालतो. समजूत इतकी पक्की होते की तो मनापासून निश्चिंत होतो. जहाज बुडतं, मालक विम्याचे पैसे घेतो. क्लिफर्डचं म्हणणं असं की त्याची श्रद्धा खरी होती, पण ती बाळगायचा त्याला अधिकार नव्हता, कारण ती तपासून नव्हे तर शंका दाबून मिळवलेली होती. आणि जहाज सुखरूप पोचलं असतं तरी दोष तेवढाच राहिला असता. फक्त तो कुणाला कळला नसता.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. सर्व्हर किती लोड घेईल याला ‘काल चालला होता’ हे उत्तर आमच्याकडे कुणी ऐकून घेत नाही. तिथे चुकलं तर सर्व्हर पुन्हा सुरू करता येतो. एकादशी उरकून रात्री हायवेने वेगात परतणाऱ्या गाडीत, सामानावर झोपलेल्या माणसांसाठी तशी सोय नाही.

पण क्लिफर्डचा मालक किनाऱ्यावर बसलेला होता. आपला पिकअपवाला स्वतः स्टिअरिंगवर असतो, गाडीचे हप्ते त्याच्याच डोक्यावर असतात, वारीसाठी अनेकदा फक्त डिझेलवर येतो. त्याला महिन्याच्या पहिल्या तारखेला पगार होणाऱ्याने नीती शिकवावी, हे मला पटत नाही. त्याच्याकडे पैसेच नसतील तर?

तरीही हिशेबाला दोन बाजू असतात हे विसरायला नको. टायरची ताकद वाढवता येत नसेल तर वजन उतरवता येतं. पाचशे लिटरची टाकी म्हणजे पाचशे किलो. ती मुक्कामी पोचल्यावर भरता येते. दोनच टायर परवडत असतील तर ते योग्य आकड्याचे घ्यावेत आणि मागे टाकावेत. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. आणि वजनाचा अंदाज कशाला करायचा? उसाच्या या पट्ट्यात वजनकाट्यांची वाण नाही. मागची चाकं तेवढी काट्यावर उभी केली की त्यांच्यावरचा भार कळतो. गरिबी हे कमी खर्चाचं कारण होऊ शकतं, पण न बघण्याचं होऊ शकत नाही.

बघायचं कुणी, हा खरा नाजूक भाग. इंग्लंडमध्ये सॅम्युअल प्लिमसोल या खासदाराने खलाशांसाठी भांडून १८७६ मध्ये कायदा करवून घेतला: जहाजाच्या अंगावर रेघ हवी, माल भरताना ती पाण्याखाली जाता कामा नये. पण रेघ कुठे ओढायची हे मालकावरच सोडलं होतं. ते अधिकार त्याच्याकडून काढून घ्यायला १८९० उजाडलं. ज्याला जास्त माल भरून फायदा होतो त्यानेच मर्यादा ठरवायची, ही गडबड लक्षात यायला चौदा वर्षं लागली.

टायरवरची रेघ मालकाला ओढता येत नाही, ती कारखान्यातूनच छापून येते. शेजारच्या चार आकड्यांत जन्मतारीखही असते: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरली तर नियमाने तो टायर बाद. सगळं उघड्यावर आहे. फक्त दिंडीचालकाला किंवा ड्रायव्हरला ‘आकडा किती?’ असं विचारणं आपल्याला अपमान वाटतो. ‘पांडुरंग आहे की,’ असं कुणी म्हटलं की पुढे बोलणं अश्रद्धा वाटते. पण पांडुरंगावर भरवसा ठेवणारा माणूस चालताना खड्डा बघूनच पाऊल टाकतो. त्याने त्याची भक्ती उणी होत नाही.

ज्या मावशी मागे पोत्यांवर बसतात त्यांनी टायर निवडलेला नसतो, किंमत केलेली नसते, त्यांना तो आकडा वाचताही येत नसेल. दिंडीतल्या ज्याला वाचता येतो, त्याच्यावर तो वाचायची जबाबदारी येते. खाली वाकायचं, मोबाइलचा टॉर्च लावायचा आणि आकडा मोठ्याने वाचायचा. कमी भरला तर टाकी रिकामी करायला हात लावायचा.