माशाचे देणे

मासे खाणाऱ्याने स्वतःला हिंसेतून मोकळे समजू नये, असे माझे ठाम मत आहे. मी मालवणची. मासे खात वाढले, शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झाले, आणि या दोन गोष्टींचा मेळ कसा घालायचा याचा विचार आयुष्यभर करत आले. अलीकडे तो पुन्हा वर आला भाच्याच्या फोनमुळे. तो पुण्यात एकटा राहतो. रक्तातली साखर वाढलेली, डॉक्टरांनी भात-पोळी बरीच कमी करायला सांगितलेली. त्याने एका दमात दोन प्रश्न विचारले. "मावशी, मला स्वयंपाकातलं काही येत नाही आणि उग्र वासाचे मासे सोसत नाहीत, तर सोप्यात सोपं काय करू? आणि खरं सांग, भात सोडून आता मासेच खायचे म्हणजे तेवढे जीव जास्त घ्यायचे ना?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर द्यायला आमच्या किनाऱ्यावर कोणीही तयार असते. दुसरा प्रश्न बहुतेक जण हसून बाजूला सारतात. मला मात्र हे दोन प्रश्न वेगळे काढता येत नाहीत. मासा कसा शिजवावा हे ठरवताना आपण त्या जिवाचे काय देणे लागतो हेही ठरत असते.

शास्त्रात एकच सरळ उत्तर शोधायला गेले तर ते सापडत नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात एक श्लोक मासे खाणाऱ्याला सर्वच प्राण्यांचे मांस खाणारा ठरवतो आणि मासे वर्ज्य करा असे सांगतो. लगेच पुढचा श्लोक पाठीन आणि रोहित हे मासे देव-पितरांच्या कार्यात चालतात म्हणतो, खवले असलेल्या माशांनाही मुभा देतो. त्याच अध्यायात पुढे मांस खाण्यात दोष नाही, पण ते सोडले तर मोठे फळ आहे, असेही येते. वर्गात हे शिकवताना मुले म्हणत, बाई, ह्यात नक्की काय खरे? मला त्यात माणसाचे खरे चित्र दिसते. खाणारे खात होते, त्यांना टोचणीही होती, आणि ग्रंथाने दोन्ही नोंदवून ठेवले.

महाभारताच्या शल्यपर्वात दधीचींचा मुलगा सारस्वत याची कथा आहे. बारा वर्षे पाऊस पडला नाही. ऋषी अन्नाच्या शोधात रानोमाळ झाले आणि वेद विसरले. सारस्वतही निघाला, तेव्हा सरस्वती नदीने त्याला थांबवले आणि मी तुला मासे देत राहीन असे सांगितले. तो नदीकाठी राहिला, मासे खाऊन जगला, वेद जपले. दुष्काळ संपल्यावर साठ हजार मुनी त्याच्याकडे पुन्हा वेद शिकले. गोव्यातले आणि कोकणातले सारस्वत ब्राह्मण आपल्या मत्स्याहाराचा धागा या कथेशी जोडतात. माझ्याही घरी ती मोठ्या अभिमानाने सांगितली जाई. पण कथा नीट वाचली तर नदीने मासे दिले ते अन्न मिळेनासे झाले तेव्हा, आणि घेणाऱ्याच्या हातून मोठे काम व्हायचे होते म्हणून. जिभेचे चोचले त्यात कुठेच नाहीत. आपण कथेचा आधार घेतो आणि तिची अट सोडून देतो, हे मला खटकते.

वनपर्वातल्या धर्मव्याधाचेही तसेच. मिथिलेतला हा खाटीक कौशिक नावाच्या ब्राह्मणाला धर्म शिकवतो. नांगर चालतो तेव्हाही जमिनीतले असंख्य जीव मरतात, हिंसेवाचून कोणाचेच चालत नाही, असे तो म्हणतो. मासे-मटण खाणाऱ्यांना हे वाक्य फार आवडते. मात्र हाच व्याध स्वतः प्राणी मारत नव्हता, मांस खात नव्हता, आणि आपल्या धंद्याला त्याने घोर कर्म म्हटले आहे. त्याने हिंसा नाकारली नाही आणि तिचे कौतुकही केले नाही. भाच्याला मी तेच सांगितले. हो, जीव जातो. त्याला दुसरे नाव देऊ नकोस. आता प्रश्न उरतो तो किती घ्यायचा, कधी घ्यायचा आणि घेतल्यावर त्याचे काय करायचे, एवढाच.

माझी आई माळकरी होती. गळ्यात तुळशीची माळ, पंढरीची वारी, आणि घरात वडील नि आम्ही भावंडे मासे खाणारी. ती आमच्यासाठी रांधायची. मीठ चाखून बघता यायचे नाही, म्हणून वासावर आणि रश्शाच्या रंगावर सगळे जमवायची, आणि ते कधी बिघडल्याचे मला आठवत नाही. ताटात कोणी मासा अर्धा टाकला तर मात्र तिचा आवाज चढायचा. "तेचो जीव गेलो, आता तेका फुकट घालवू नको." मनु, सारस्वत आणि व्याध मी पुढे वाचले. देण्याची जाणीव मला आधी तिच्याकडून मिळाली.

आता भाताकडे येते, कारण भाच्याच्या प्रश्नाचा खरा पेच तिथेच आहे. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण 28 ग्रॅम कर्बोदके असतात. माशात ती जवळजवळ नसतात, प्रथिने मात्र शंभर ग्रॅमला अठरा-वीस ग्रॅम मिळतात. म्हणून साखरेच्या रुग्णाला मासा सोयीचा. पण आमच्याकडे भात होता म्हणून एका सरंग्याच्या चार तुकड्यांवर आणि पातेलेभर आमटीवर अख्खे घर जेवत असे. थोड्या माशाला भात साथ देई. तो भात काढला की ताटात खड्डा पडतो आणि तो भरायला माणूस दुसरा मासा उचलतो. कमी कर्बोदकांचा आहार घेणारे माझ्या ओळखीचे अनेक जण असेच दुप्पट-तिप्पट मासे खाऊ लागले आहेत. ते 'प्रोटीन' मोजतात. मासा त्यांच्या मोजमापातून नाहीसा झाला आहे. हे मला मुळीच मान्य नाही. भाताची जागा भाजीने घ्यावी. लाल माठ, कोबी, फरसबी, दुधी, पडवळ, काकडीची कोशिंबीर, वर वाटीभर सोलकढी. मासा पूर्वी होता तेवढाच. (भाच्याला आणखी एक बजावले: साखरेच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असताना भात एकदम तोडायचा नाही, साखर फार खाली जाऊ शकते. डॉक्टरांना विचारून मगच.)

शिकाऊ माणसाने सुरुवात सौम्य माशाने करावी, आणि याचे कारण केवळ वास नाही. बांगडा, तारली हे तेलकट आणि लालसर मांसाचे मासे. त्यांची स्वतःची चव दांडगी असते आणि त्यांना तिरफळ-मिरचीचा जोर लागतो. सरंगा म्हणजे पापलेट, मुडदुशी, तांबोशी, खाडीतला जिताडा यांचे मांस पांढरे आणि चव हळुवार. जोरदार मसाला घातला की ती हरवते. त्यामुळे असा मासा शिजवणाऱ्याला थांबायला शिकवतो. कमी घाल, कमी हलव, वेळेवर उतरव. भात नाही, रव्याचे आवरण नाही, वाटणाचा थर नाही, अशा ताटात मासा उघडा समोर येतो. आपण काय खातो आहोत ते तेव्हा लपवता येत नाही, आणि ते लपू नये असेच मला वाटते.

म्हणून मासा आणतानाच त्याच्याकडे नीट पाहावे. कल्ले लाल, डोळे फुगीर आणि चकचकीत, बोटाने दाबलेला भाग लगेच वर येणारा. पापलेटाचा कल्ल्याजवळचा भाग दाबल्यावर पांढरे पाणी आले तर ताजे, लालसर आले तर शिळे, ही बाजारातल्या बायकांनी शिकवलेली खूण. आणि एकदा तरी मासा स्वतः साफ करावा. कोळीण भराभर कापून देते, पिशवी हातात येते, आणि जीव होता हे विसरायला तेवढे पुरते. भाच्याने हे ऐकून जरा का कू केले. मी आग्रह सोडला नाही. ज्याला साफ करवत नाही त्याने खावे का, याचे उत्तर त्याचे त्याने शोधावे.

त्याला मी तीन पद्धती सांगितल्या. त्यातली वाफेवरची मला सर्वांत योग्य वाटते. माशाला मीठ, हळद, किसलेले आले, एखादी ठेचलेली हिरवी मिरची आणि चमचाभर कोकमाचे आगळ लावायचे. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत हळदीची पाने मिळतात, त्यात गुंडाळायचे. एरवी केळीचे पान. इडलीच्या भांड्यात पाणी उकळू लागले की आत ठेवायचे. बोटभर जाडीच्या मुडदुशीला किंवा पापलेटाच्या तुकडीला दहा मिनिटे पुष्कळ होतात. माशाच्या मांसात स्नायूंना बांधणारे धागे थोडे आणि नाजूक असतात, मटणासारखे तासभर शिजवावे लागत नाही. काचेसारखे दिसणारे मांस दुधासारखे पांढरे झाले आणि काट्यापासून सहज सुटले की झाले. त्यापुढचे प्रत्येक मिनिट मासा कोरडा करते. जीव घेऊन वर तो चिवट करून टाकणे मला फार लागते.

तव्यावरचा मासाही रव्यावाचून होतो. तुकड्या फडक्याने अगदी कोरड्या टिपायच्या, मीठ-हळद लावून थोडा वेळ ठेवायच्या, सुटलेले पाणी पुन्हा टिपायचे. तवा चांगला तापवून खोबरेल तेल सोडायचे, तुकडी ठेवायची आणि हात मागे घ्यायचा. नवशिके दर दहा सेकंदांनी उलथने घालतात आणि मासा फाटतो. खालची बाजू खरपूस झाली की ती आपण होऊन सुटते. लिंबू उतरवल्यावर पिळावे. आंबटाने माशाचा वास का मरतो हेही भाच्याने विचारले होते: समुद्रातल्या माशाला वास येतो तो त्यात तयार होणाऱ्या एका अमाइनमुळे, आणि आम्लाने ते बांधले जाते. लिंबू, आमसूल, चिंच, कैरी यांची निवड आमच्या आज्यांनी रसायनशास्त्र न शिकता केली.

तिसरे म्हणजे पातळ सार. नारळाचे दूध, आमसुले, मिरची, मीठ, कोथिंबीर. आधी सार मंद गरम करायचे, फुटू द्यायचे नाही, मासा सर्वांत शेवटी सोडायचा. डाव घालायचा नाही, पातेले कडेने धरून हलवायचे. डोके आणि मधला काटा यातच घालावा. त्यांचा रस साराला येतो आणि काही फुकट जात नाही. वाटीत घेऊन भाताशिवाय पिता येते.

कधी खायचे नाही, हेही पाककृतीइतकेच महत्त्वाचे आहे. आमच्याकडे सोमवार, संकष्टी, एकादशी आणि श्रावण पाळतात. दुसरीकडे काही घरांत गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो आणि त्यात मासाही असतो, म्हणजे देवाला मासा वर्ज्य आहे असे किनाऱ्यावर कोणी सरसकट म्हणत नाही. वर्ज्य आहे ते बाराही महिने ओरबाडणे. 1 जून ते 31 जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. हा अनेक माशांच्या विणीचा काळ. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन मगच होड्या लोटायच्या ही रीत कायद्यापेक्षा जुनी आहे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे जाळे; ते ओढताना दोरीला हात लावणाऱ्याला वाटा मिळतो, हेही मी लहानपणापासून पाहिले. आता मोठ्या जाळ्यांनी आणि रात्रीच्या प्रखर दिव्यांनी मासळी उपसली जाते. त्यावर निर्बंध आहेत, तरी सिंधुदुर्गातल्या रापणकरांना त्यासाठी पुन्हा पुन्हा भांडावे लागते. शहरात पापलेट विकत घेणारा माणूस या भांडणात एका बाजूला उभाच असतो, त्याला ठाऊक असो वा नसो.

सप्टेंबर 2023 मध्ये पापलेटाला महाराष्ट्राचा राज्यमासा घोषित केले, कारण तो कमी होत चालला आहे. त्याच वर्षी राज्य सरकारने 54 जातींच्या माशांचे किमान आकार ठरवून दिले. पापलेटासाठी तो 135 मिलिमीटर आहे, शाळेतल्या पंधरा सेंटिमीटरच्या पट्टीहून थोडासा कमी. त्याहून लहान पिल्लू एकदाही प्रजनन न करता जाळ्यात आलेले असते. अशी तळहाताएवढीही नसलेली पापलेटे बाजारात ढीग लावून स्वस्तात विकली जातात, आणि एकट्या माणसाला एका जेवणाला ती सोयीची वाटतात. कृपा करून ती घेऊ नका. कोणीच घेतली नाहीत तर ती विकायला आणण्यात कोणालाही फायदा उरणार नाही.