कणाकणाचा अपराध

अपराध एकाच्या हातून घडला, तर न्यायाधीशाचें काम सोपें असतें. तोच लाखों हातांनीं कणाकणानें घडला म्हणजे अपराधी कोणास म्हणावें? हा प्रश्न केवळ तर्कशास्त्राचा आहे असें ज्यांस वाटतें, त्यांनीं लंडन येथील सेंट पॉल या प्रार्थनामंदिराचा इतिहास पाहावा.

१६६६ च्या आगींत जुनें मंदिर नष्ट झाल्यावर क्रिस्टोफर रेन यानें १६७५ पासून १७१० पर्यंत नवें उभारलें. दगड पोर्टलंडचा, शुभ्र चुनखडीचा. खर्चाचा मोठा भाग शहरांत येणाऱ्या कोळशावरील करांतून निघाला. पुढें त्याच कोळशाच्या धुरानें तें झिजूं लागलें. कोळशांतील गंधक जळून निघालेला वायु ओलाव्यांत आम्लरूप होतो, आणि त्या आम्लानें चुनखडीचें जिप्सम बनतें. पावसाचा मारा बसतो तेथें हें जिप्सम धुऊन जातें. भिंत पांढरी दिसते, पण दगड सरीसरीनें उणा होतो. आडोशाला तेंच काजळी धरून काळी खपली होऊन बसतें, आणि कालांतरानें दगडाचा पापुद्रा घेऊन गळतें. तेव्हां काळें तेवढें बिघडलेलें व पांढरें तें निर्दोष, हा आमचा नेहमींचा निवाडा येथें टिकत नाहीं.

मग दोष कोणाचा? थंडीनें कुडकुडणाऱ्या मुलांसाठीं विस्तव पेटविणाऱ्या आईस दोषी म्हणण्यास आमची जीभ रेटत नाहीं. परंतु अज्ञानाची सबबहि चालणार नाहीं. जॉन इव्हलिन यानें १६६१ सालींच, म्हणजे नव्या मंदिराचा पाया घालण्यापूर्वीं, लंडनच्या धुराविरुद्ध पुस्तक लिहिलें होतें. तें दुसऱ्याच्या धुराविषयीं आहे, असेंच प्रत्येकानें मानलें असावें! दगडाची मूक तक्रार कोणी ऐकिली नाहीं. अखेर डिसेंबर १९५२ मध्यें धुरानें भरलेलें धुकें पांच दिवस शहरावर बसलें व हजारों माणसें दगावलीं, तेव्हां १९५६ सालीं कायदा झाला.

त्या कायद्यानें आईस पापी ठरविलें नाहीं. नेमलेल्या भागांत धूर न होणारें जळणच जाळावें असा निर्बंध घातला, आणि घरांतील शेगड्या बदलण्यास पैशाचें साहाय्यहि दिलें. पुढें हवेंतील गंधकवायु उणा होत गेला, तशी दगडाची झीजहि मंदावली. गेलेलें नक्षीकाम मात्र परत आलें नाहीं.

थेंबें थेंबें तळें सांचे, हें आम्ही मुलांस काटकसर शिकवितांना सांगतों. अपराधाचेंहि तळें तसेंच सांचतें, हें सांगावयाचें राहून जातें. आपला थेंब लहान होता हें खरें असेल. पण तो आपला होता, हेंहि तितकेंच खरें आहे.