मोठ्यानं की मनातल्या मनात

"तो कोयनेलची गोळी देतो, पाणी पाजतो, रोग्याच्या उशाशी बसतो. इथपर्यंत जमलंय. पुढं काय? प्रार्थना मोठ्यानं म्हणतो की मनातल्या मनात?"

भाचीची एकांकिका इथं अडून बसली आहे. पुरुषोत्तम करंडकाच्या तालमी तोंडावर आल्यात आणि नायक काही बसल्या जागेवरून उठत नाही. मी तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झाले, त्यामुळे नात्यात कुणालाही असला पेच पडला की तो मयूर कॉलनीतल्या आमच्या जेवणाच्या टेबलावर येऊन आदळतो.

नायक म्हणजे व्हेरिअर एल्विन. गांधी भवनात कुणाच्या तरी भाषणात हे नाव तिच्या कानावर पडलं आणि तिनं ते धरून ठेवलं. बिशपचा मुलगा, ऑक्सफर्डचा हुशार विद्यार्थी. १९२७ मध्ये, पंचविशीत, तो पुण्याला आला तो जॅक विन्स्लो यांच्या ख्रिस्त सेवा संघात. विन्स्लोंनी हा संघ १९२२ मध्ये नगरला काढला होता. पुण्यात शिवाजीनगरला त्यांचा आश्रम झाला. एरवीचे गोरे मिशनरी बंगल्यात राहत, दिमतीला खानसामे असत. ही मंडळी मात्र खादी घालून, जमिनीवर मांडी ठोकून, देशी माणसांच्या पंगतीत जेवत. दिवस उपासनेचा, मौनाचा, अभ्यासाचा. एल्विनला ध्यानाचं वेड होतं, त्यावर त्यानं १९३० मध्ये पुस्तकही लिहिलं. मधे आजारानं त्याला पार आडवं केलं. १९२८ च्या जानेवारीत साबरमतीला गांधीजी भेटले आणि त्याचा काटा फिरला. अखेर १९३२ मध्ये जमनालाल बजाजांच्या सुचवण्यावरून तो शामराव हिवाळे या मराठी ख्रिस्ती मित्राला घेऊन मंडला जिल्ह्यातल्या करंजियाला, गोंडांच्यात, मातीच्या झोपडीत राहायला गेला. शाळा, दवाखाना, कुष्ठरोग्यांची सोय.

"म्हणजे तुझा रोगी करंजियाचा," मी म्हटलं.

"हो. आणि मला वाटतं त्यानं मनातच म्हणावी. आजारी, अडाणी माणसाला औषधाबरोबर येशू पाजायचा हे मला घाण वाटतं."

"थांब. आधी त्याच्या बाजूनं विचार कर. तुझी खात्री आहे की माणसाच्या आत्म्याला वाचवणारी गोष्ट तुझ्यापाशी आहे. खात्री बरं का, नुसतं मत नव्हे. समोर माणूस मरतोय. आणि तू सभ्यपणा म्हणून गप्प बसतेस. शेजारच्या फ्लॅटमधून गॅसचा वास आला तर बेल वाजवशील ना? की त्यांच्या खाजगी गोष्टीत कशाला पडा, म्हणून दार लावून घेशील?"

तिनं क्षणभरच विचार केला. "गॅसचा वास शेजाऱ्यालाही येतो गं. बेल वाजवली की तो स्वतः नाक लावून बघतो. नरकाचा वास फक्त मिशनऱ्याला येतो."

उत्तर चांगलं होतं. वर्गात असती तर मी ते फळ्यावर लिहिलं असतं. पण अर्धंच होतं. "मग ज्याला वास येतो त्यानं काय करायचं? आपल्याला भ्रम झालाय असं समजून गप्प राहायचं? तसं असेल तर तू श्रद्धाळू माणसाला एवढंच सांगतेयस की श्रद्धा ठेव, पण ती खरी असल्यासारखा वागू नकोस."

"नाही. मी सांगतेय की हातात गोळी असताना बोलू नकोस. गोळी संपली, माणूस बरा झाला, चालत तुझ्या अंगणात आला, मग बोल की. भांड हवं तर."

इथं आमचं पहिल्यांदा जमलं. बोलण्यात दोष नाही, दोष आहे तो नकाराची किंमत ऐकणाऱ्याला मोजावी लागण्यात. ‘नको’ म्हटल्यावर उद्या गोळी मिळेल ना, ही शंका ज्याच्या मनात आहे त्याच्यापुढं अगदी हळू म्हटलेली प्रार्थनाही मोठी होते. पण हे तत्त्व म्हणून टेबलावर ठेवलं की झालं, असं पुण्यात तरी म्हणता येत नाही. इथं त्याची परीक्षा आधीच होऊन गेली आहे.

मी तिला शारदा सदनाची गोष्ट सांगितली. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी ते काढलं आणि पुढच्या वर्षी पुण्याला आणलं. पैसा अमेरिकेतून येत होता. अट होती की धर्म शिकवायचा नाही. रमाबाई ख्रिस्ती. त्यांनी मुलींना धर्म शिकवला नाही, पण स्वतःची प्रार्थना दार लावून केली नाही. दार उघडं. काही मुली येऊन बसायला लागल्या. ‘केसरी’नं झोड उठवली आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले.

"मग त्यांनी दार लावून घ्यायला हवं होतं?"

"तू सांग."

"मुलींना जायला दुसरी जागाच नव्हती," ती सावकाश म्हणाली. "घरच्यांनी टाकलेल्या. जेवण रमाबाईंचं, छप्पर रमाबाईंचं. अशा घरात उघडं दार म्हणजे नुसतं उघडं दार नसतं."

"बरोबर. पण दार लावलं असतं तर? ज्या एका बाईनं त्यांना माणसासारखं वागवलं, तिला हे बळ कुठून मिळतं ते त्यांच्यापासून लपवून ठेवायचं? तेही फसवणं नाही का?"

यावर ती काही बोलली नाही. मग मी तिला तिच्या रोजच्या रस्त्याची आठवण करून दिली. शारदा सदनात शिकायला आलेली पहिली विधवा गोदूबाई. सदनातल्या प्रार्थनेच्या त्या उघड्या दारापाशी राहूनही ती ख्रिस्ती झाली नाही. तिनं १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. कर्व्यांनी १८९६ मध्ये स्वतःचा अनाथ बालिकाश्रम काढला, १९०० मध्ये तो हिंगण्याला नेला. ते हिंगणं म्हणजे आजचं कर्वेनगर. कोथरूडची पोरं ज्या कर्वे रस्त्यावर सिग्नल तोडतात, त्याच्या नावामागं हा सगळा वाद उभा आहे. (याच पुण्यात १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये मिशनऱ्यांचा चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांपर्यंत सगळ्यांवर ग्रामण्य गुदरलं होतं. प्रार्थना राहू दे, आम्हाला चहासुद्धा पचत नव्हता.)

"आत्या, आता खरं विचारू? आजीचं काय?"

मला वाटलंच होतं. माझी आई अंथरुणाला खिळून आहे. तिच्याजवळ रात्री ब्युरोकडून एक मुलगी येते, जेमतेम विशीतली, नगर जिल्ह्यातली. तिचं घराणं कैक पिढ्या ख्रिस्ती आहे. आईला झोप येत नसली की ही तिच्या कपाळावर हात ठेवून अभंग म्हणते. चाल ओळखीची, शब्द साधे. आई हात जोडते. एकदा मी विचारलं, हा अभंग कुणाचा गं? मुलगी म्हणाली, "टिळकांचा." आईनं डोळे उघडले. "बळवंतराव अभंगपण करायचे?"

मुलगी हसली. मीही हसले. टिळक म्हणजे अर्थातच नारायण वामन. चित्पावन कवी, १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, नगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये राहिले आणि येशूला तुकोबाच्या वळणानं आळवत राहिले. एल्विनला पुण्यात आणणाऱ्या विन्स्लोंनी त्यांचं चरित्र इंग्रजीत लिहिलं आहे.

"आजीला वाटतं ती विठ्ठलाचं ऐकतेय," भाची म्हणाली. "तिला सांगितलं नाहीस ना तू? तुझाच नियम लाव. आजीला नाही म्हणता येतं का?"

"माझा नियम लावायचा तर आधी बघ, गोळी कुणाच्या हातात आहे. मी ब्युरोला एक फोन केला तर उद्या ही मुलगी घरी बसेल. एवढं असून ती म्हणते. इथं धोका पत्करलाय तो तिनं."

"ते तुझ्यापुढं. आजीपुढं तीच बलवान आहे. रात्री दोन वाजता कूस कोण बदलणार, पाणी कोण देणार?"

हे मला सुचलं नव्हतं. सत्ता माणसाला कायमची चिकटलेली नसते. एकच मुलगी माझ्यापुढं दुबळी आणि आईपुढं सबळ. मला जे शोभिवंत वाटत होतं त्याला दुसरी बाजू होती. मी एवढंच म्हटलं की आई शुद्धीत असते तेव्हा मी तिला सांगेन, हे येशूचं भजन आहे, चालेल का. भाचीनं विचारलं, "आणि नको म्हणाली तर?" तर थांबवायचं. "आणि पाच मिनिटांत विसरून पुन्हा हात जोडले तर?" याचं उत्तर माझ्यापाशी नाही.

आम्ही एल्विनकडे वळलो, कारण मेलेल्या माणसाचा न्याय करणं सोपं जातं.

एल्विननं मनातल्या मनात म्हणणं पत्करलं. गोंडांना ख्रिस्ती करायचं नाही, असं त्याचं ठरलं होतं. आपण काही द्यायला आलो नाही, इंग्रजांनी इथून जे नेलं त्याचं प्रायश्चित्त घ्यायला आलो, असं तो म्हणे. नागपूरच्या बिशपनं परवान्यासाठी राजनिष्ठेची शपथ मागितली, ती त्यानं नाकारली. १९३५ मध्ये त्यानं चर्चच सोडलं. बदलायला निघालेला माणूस स्वतःच बदलला. भाचीच्या मनात एकांकिकेचा शेवट हाच होता: तो मिशनऱ्याचे कपडे उतरवून ठेवतो, प्रकाश मंदावतो.

"टाळ्या पडतील," मी म्हटलं. "पण हा शेवट खोटा आहे."

"का? जो दुसऱ्याला बदलायला जाताना स्वतः बदलण्याची जोखीम घेतो तोच प्रामाणिक, हे तूच शिकवायचीस की!"

"शिकवायचे. पण पुढचं वाच. धर्म सांगणं सोडलं म्हणजे सत्ता सुटली असं नाही. १९४० मध्ये त्यानं कोसी नावाच्या राजगोंड मुलीशी लग्न केलं. तो सदतीस वर्षांचा, ऑक्सफर्डचा, पुस्तकं लिहिणारा. ती त्याच्याच शाळेत शिकलेली. १९४९ मध्ये घटस्फोट. आत्मचरित्रात तिला जेमतेम काही ओळी मिळाल्यात. तिला ‘नको’ म्हणायला कितपत जागा होती? तिथं तर येशू मधे नव्हताच."

ती गप्प झाली. मी जरा जास्तच जोरात बोलले होते, पण थांबवेना. "आणि दुसरं. गोंड-बैगांना आपण बदलायचं नाही हे ठरवल्यावर तो म्हणू लागला की इतरांनीही त्यांना हात लावू नये, त्यांना बाहेरच्या जगापासून जपावं. आपले समाजशास्त्रज्ञ डॉ. घुर्ये त्यावर तुटून पडले, १९४३ मध्ये पुस्तकच लिहिलं. घुर्ये म्हणत, हे मागासलेले हिंदूच आहेत. म्हणजे एक जण म्हणणार तसेच राहा, दुसरा म्हणणार आमच्यात या. गोंडाला कुणी विचारत नव्हतं. हेही मिशनच की."

"तू एल्विनला व्हिलन करतेयस."

"मुळीच नाही. त्या काळातल्या साहेबांत असा दुसरा माणूस दाखव. मी त्याला संत होऊ देत नाहीये, एवढंच."

मग तिनं मला कोंडीत पकडलं. "तुझ्या हिशोबानं कुणी कुणाला काही सांगायचंच नाही. प्रत्येक बोलण्यात कुणीतरी वरचढ असणारच. मास्तर-विद्यार्थी, डॉक्टर-रोगी, तू आणि मी."

याचं उत्तर मात्र माझ्यापाशी होतं, आणि तेही रमाबाईंकडून घेतलेलं. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परका देश, जवळचा पैसा बेताचा, पदरी लहान मुलगी, आधार फक्त मठातल्या सिस्टरांचा. वरचढ कोण हे सांगायला नको. तरी रमाबाई सिस्टर जेराल्डिनशी पत्रांतून कडाकडा भांडल्या. त्रैक्याचा सिद्धांत पटत नाही, माझी अक्कल मी कुणाकडे गहाण टाकलेली नाही, असा एकंदर सूर. सिस्टरना ते उद्धटपणाचं वाटलं. मला वाटतं, त्या सगळ्या धर्मप्रसारात खरी देवघेव झाली ती तिथंच. लक्ष्मीबाई टिळकांचंही तेच. नवरा १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला, त्या १९०० मध्ये झाल्या. मधली पाच वर्षं त्या भांडत, रडत, चिडत, स्वतःच्या पायांनी तिथवर गेल्या. अशा माणसांना ‘भुलवलं’ म्हणणारे त्यांना फार कमी लेखतात.

"म्हणजे वरचढ असणं चालतं, समोरच्यानं उलट बोललेलं ऐकून घेता आलं तर?"

"ऐकून घेता आलं तर, आणि त्यानंतरही गोळी चालू राहिली तर."

तिनं संहितेचे कागद पुढं ओढले. एल्विनची पानंच्या पानं स्वगतं, शामरावांचे चारदोन संवाद. एल्विन लिहीत बसे तेव्हा शामराव दारात आलेल्या माणसांचं ऐकून घेत. लोक एकाला बडा भाई म्हणत, दुसऱ्याला छोटा भाई. या छोट्या भाईची पुण्यात कुणाला आठवण नाही, हे मला नेहमी खटकतं. पण त्या कागदांत त्याहून मोठी गोष्ट होती.

"तुझ्या रोग्याला एकही वाक्य नाही," मी म्हटलं.

"तो तापात आहे ना."

"ताप उतरतो की."

"आणि उतरल्यावर तो काय म्हणेल?" तिनं पेन्सिल उचलली, कानामागं खोचली, पुन्हा काढली. "मला कसं कळणार? मी कधी मंडल्याला गेले नाही, तिथली बोली मला येत नाही. मी लिहिलं तर तोही माझ्याच तोंडानं बोलेल."

"मग तिथली बोली येणारं कुणीतरी गाठ."

"आणि तो म्हणाला की तुमची ही अख्खी एकांकिकाच फालतू आहे, तर?"

"तर तेच वाक्य घाल," मी म्हटलं आणि आईचं दूध गरम करायला उठले.