पाळी जाण्याचे वय आणि उपायाचा प्रश्न

सलग बारा महिने पाळी आली नाही, म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे मानतात. भारतात ती सरासरी शेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास येते. बीजांडकोशांतले इस्ट्रोजेन कमी होत जाते, तशा अंगातून गरम वाफा निघतात, रात्री घामाने झोप मोडते, योनिमार्ग कोरडा पडतो, हाडे विरळ होऊ लागतात. हा रोग नव्हे, वयाचा क्रम आहे. मग क्रमाने येणाऱ्या गोष्टीवर उपाय करावा का, हे केवळ वैद्यकाने ठरवण्याजोगे नाही.

जुन्या वैद्यांनी या प्रश्नाला थेट हात घातला. सुश्रुतसंहितेत पाळीचा काळ बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत सांगितला आहे. त्याच ग्रंथाच्या सूत्रस्थानात भूक, तहान, झोप, म्हातारपण आणि मृत्यू यांचा, स्वभावातून येणाऱ्या व्याधी म्हणून, एक वेगळा वर्ग केला आहे, आणि त्याचे पुन्हा दोन भाग पाडले आहेत: देहाची नीट राखण करूनही आपल्या वेळी येणारे ते कालज, राखण न झाल्याने वेळेआधी येणारे ते अकालज. चरकसंहितेच्या शारीरस्थानात स्वभावाला प्रतिकार नाही असे स्पष्ट म्हटले आहे. तरीही तिचे चिकित्सास्थान सुरू होते ते रसायनाने, म्हणजे म्हातारपण लांबवणाऱ्या उपायांनी. अकराव्या शतकातला टीकाकार चक्रपाणिदत्त याचा मेळ घालतो: नेहमीच्या चिकित्सेने स्वभाव हटत नाही, रसायनाने मात्र तो काही काळ आवरता येतो. पाळीचे जाणे थांबवायचे नाही, त्यासोबतचा त्रास मात्र हलका करायचा, ही भूमिका यातून सरळ निघते.

धर्माचाराने याच वयाकडे दुसऱ्या बाजूने पाहिले. भाद्रपद शुद्ध पंचमीला मराठी घरांतल्या बायका ऋषिपंचमी धरतात, बैलाच्या श्रमाचे काही न खाता ऋषीची भाजी करतात. पाळीच्या दिवसांत घडलेल्या शिवाशिवीचा दोष जावा, हा या व्रताचा हेतू सांगितला जातो, आणि पाळी गेल्यावर त्याचे उद्यापन करण्याची रीत आहे. विटाळाची कल्पना आज टिकणारी नाही. पण एका वयाचा शेवट चारचौघांत, मानाने साजरा व्हावा, ही त्यातली गोष्ट मोलाची आहे. त्या वयातल्या बाईला बोलायला निमित्त मिळते.

सोसण्याच्या उपदेशाचे मात्र नीट परीक्षण व्हायला हवे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात शीतोष्ण सहन करण्यास सांगितले आहे. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या विवेकचूडामणीत तर प्रतिकार न करता, चिंता आणि विलाप न करता दुःख सोसणे, अशी तितिक्षेची व्याख्या आहे. ती साधकाने स्वतःहून स्वीकारायची गोष्ट आहे. रात्रभर न झोपलेल्या बाईला घरच्यांनी ‘या वयात असे व्हायचेच’ म्हणून गप्प करणे, याला तितिक्षा म्हणता येत नाही.

उपाय करायचा ठरल्यावर अनेकींना तो वनस्पतींचा हवा असतो. झाशीसारख्या ठिकाणी तर हा ओढा समजण्यासारखा आहे. १९१७ साली कोलकात्यात सुरू झालेल्या श्री बैद्यनाथ आयुर्वेद भवनाचा या शहरात मोठा कारखाना आहे, आणि औषधी वनस्पतींवर काम करणारी केंद्रीय आयुर्वेद संशोधन संस्थाही आहे. त्यातच २००२ साली अमेरिकेतली इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन या हार्मोन उपचाराची मोठी चाचणी स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढलेला दिसल्याने मध्येच थांबवली गेली आणि जगभर हार्मोनची धास्ती पसरली. साठीच्या आतल्या किंवा पाळी जाऊन दहा वर्षे न झालेल्या निरोगी स्त्रियांना या उपचाराचा धोका कमी आणि फायदा जास्त असतो, हे नंतरच्या अभ्यासांतून पुढे आले. धास्ती मात्र तेवढी ओसरली नाही.

झाडापासून आलेले औषध निरुपद्रवीच असते, हे गृहीत चुकीचे आहे. अश्वगंधेने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. शतावरीला परंपरेचा आधार मोठा आहे, चाचण्यांचा फार थोडा. अमेरिकेतल्या मेनोपॉज सोसायटीने २०२३ मध्ये हार्मोनविरहित उपायांचा आढावा घेतला. गरम वाफांवर विचार-वर्तन उपचार, वैद्यकीय संमोहन, वजन कमी करणे आणि डॉक्टरांनी द्यायची काही औषधे तिने मान्य केली. सोयाबीनचे पदार्थ, वनस्पतींची पूरके आणि योग यांची त्यासाठी शिफारस केली नाही. म्हणून योगासने सोडावीत असे नाही. झोप, मन आणि शरीराचा तोल यांसाठी ती उपयोगी आहेत, आणि हाडांसाठी भरभर चालणे व वजन उचलण्याचा व्यायाम हवाच. त्याला नाचणी, दूध, डाळी आणि कोवळे ऊन यांची जोड हवी. झाशीच्या भोवती, बुंदेलखंडात पिकणारे तीळ आणि जवसही ताटात असावेत, पण अन्न म्हणून. कोरडेपणावर साधी वंगण-जेल मिळतात. संकोचापायी बायका ती मागत नाहीत.

एका बाबतीत थांबून चालत नाही. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर थेंबभरही रक्त दिसले, तर अशोकारिष्ट किंवा आणखी कशाने ते थांबवत बसण्यापूर्वी तपासणी करावी, कारण ते गर्भाशयाच्या कर्करोगाचे पहिले लक्षण असू शकते.

सुश्रुताचा कालज-अकालज भेद आज सर्वांत जास्त उपयोगी पडतो तो लवकर आलेल्या रजोनिवृत्तीसाठी. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्याचे २०१९ मध्ये उघड झाले आणि राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. नुसती पिशवी काढली तर पाळी लगेच थांबते, हार्मोन नाही. बीजांडकोशही काढले तर तिशीतल्या बाईवर एका दिवसात म्हातारपण लादले जाते. तिची हाडे आणि हृदय यांना पुढची कित्येक वर्षे इस्ट्रोजेनचा आधार मिळायचा होता. अशा स्त्रीला, वैद्यकीय अडचण नसेल तर, निसर्गतः पाळी जाण्याच्या वयापर्यंत हार्मोन देण्याचीच शिफारस आहे. ‘नैसर्गिक’ उपायांच्या आग्रहाने तिला ते नाकारणे हा तिच्यावर दुसरा अन्याय ठरतो.