आदर आणि पडताळा

आदरणीय व्यक्तीचे म्हणणे पडताळून पाहणे हा तिचा अनादर ठरतो काय? कुटुंबात आणि समाजात हा प्रश्न आपणांस वारंवार पडतो. गणिताच्या इतिहासातील एक संख्या त्यावर प्रकाश टाकते.

मर्सेन (१५८८–१६४८) हे मिनिम संघाचे फ्रेंच धर्मगुरू. पॅरिसच्या मठातून त्यांचा देकार्त, फर्मा आदी विद्वानांशी पत्रव्यवहार चाले. दोनच्या घातातून एक वजा केला असता कधी कधी मूळ संख्या मिळते, म्हणजे एक आणि ती स्वतः यांवाचून जिला अन्य अवयव नाहीत अशी संख्या. दोनचा पाचवा घात ३२. त्यातून एक वजा केल्यावर उरणारी ३१ ही मूळ संख्या होय. अशा घातांची यादी मर्सेन यांनी १६४४ साली प्रसिद्ध केली. तीत ६७ वा घात होता. त्यातून मिळणारी संख्या अशी : १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७.

ही संख्या मूळ नाही, हे फ्रेंच गणितज्ञ ल्यूका यांनी १८७६ साली सिद्ध केले. मात्र तिचे अवयव त्यांना देता आले नाहीत. ते ऑक्टोबर १९०३ मध्ये अमेरिकन गणितज्ञ फ्रँक कोल यांनी न्यूयॉर्कच्या एका सभेत मांडले. असे सांगतात, की ते एक शब्दही न बोलता फळ्यापाशी गेले. एकीकडे त्यांनी घात काढून एक वजा केला. दुसरीकडे १९,३७,०७,७२१ ला ७,६१,८३,८२,५७,२८७ ने गुणले. दोन्ही उत्तरे तंतोतंत जुळली. या शोधापायी तीन वर्षांचे रविवार खर्ची पडले, असे ते पुढे म्हणाल्याची आख्यायिका आहे.

दुसऱ्याचे चुकले, असे म्हणण्यास आपणांस क्षणही पुरतो. नेमके काय चुकले हे दाखविण्यास मात्र कष्ट आणि संयम लागतो. कोल यांनी मर्सेन यांना नावे ठेवली नाहीत. गुणाकार येणाऱ्या कोणालाही कागद-पेन्सिल घेऊन तपासता येईल, असा पुरावा त्यांनी सर्वांपुढे ठेवला. आपल्या घरांतील आणि सभांतील मतभेदांत असा पुरावा किती वेळा असतो?

मर्सेन यांच्या यादीत एकूण पाच चुका निघाल्या. त्यांनी वगळलेला ६१ वा घातही मूळ संख्या देतो, हे १८८३ साली पेर्वुशिन या रशियन धर्मगुरूंनीच सिद्ध केले. तरीही या संख्या मर्सेन यांच्याच नावाने ओळखल्या जातात. २०२४ साली सापडलेली ४,१०,२४,३२० अंकी मूळ संख्याही मर्सेन संख्याच आहे. ज्यांनी त्यांची चूक दुरुस्त केली, त्यांनीच त्यांचे नाव जपले. वडीलधाऱ्यांचे ऋण मानावे आणि त्यांचे म्हणणे प्रामाणिकपणे पडताळूनही पाहावे. ही दोन्ही कर्तव्ये एकाच मनाने पार पाडता येतात, असे आम्हांस वाटते.