सोलापूरचे बिनसरकारी दिवस

गांधीजींना ५ मे १९३० रोजी मध्यरात्र उलटल्यावर दांडीजवळच्या कराडी गावातून पकडून येरवड्याच्या तुरुंगात नेले. ही बातमी सोलापुरात पोचली आणि गिरण्यांचे भोंगे बिनकामाचे झाले. बाजार बंद, मिरवणुका, सभा. पुढच्या दोन महिन्यांत जे घडले, ते ‘सोलापूरचा मार्शल लॉ’ या नावाने इतिहासात गेले. मला या नावाचीच खंत वाटते. ते सरकारने केलेल्या गोष्टीचे नाव आहे. लोकांनी जे केले त्याला आपण नावच ठेवले नाही.

८ मे रोजी रूपाभवानी मंदिराच्या परिसरात लोक शिंदीची झाडे तोडायला जमले. दारूबंदी हा सत्याग्रहाचाच भाग होता. पोलिसांनी धरपकड केली, जमाव खवळला, कलेक्टर नाइट तेथे होता आणि गोळीबार झाला. शंकर शिवदारे हा तरुण पडला. मग लोट उलटा फिरला. मंगळवार पेठेच्या चौकीतले पोलीस जमावाने मारले, न्यायालयाला आग लावली. पोलीस शहरातून काढून घेतले गेले आणि साम्राज्याची सत्ता पेठांमधून मागे सरली.

येथून पुढचे दिवस मला सर्वांत मोलाचे वाटतात. गोळीबाराच्या धक्क्यात आणि सूडाच्या भीतीत असलेले गिरणगाव. इथे तेलुगू बोलणारा विणकर, कानडी बोलणारा लिंगायत व्यापारी, उर्दू बोलणारा कारागीर आणि मराठी गिरणी कामगार एकाच रस्त्यावर राहतात. असे शहर बिनसरकारी झाल्यावर ते स्वतःलाच लुटेल, असे कोणत्याही राज्यकर्त्याला वाटले असते. पण काँग्रेसचे स्वयंसेवक रस्त्यावर उभे राहिले आणि रहदारी सांभाळू लागले. पुढे सरकारला हेच सर्वांत जास्त झोंबले. जाळपोळ समजण्यासारखी होती, तिला शिक्षा होती. पोलिसाच्या जागी उभा राहून गाड्यांना वाट दाखवणारा खादीधारी पोरगा मात्र असह्य होता, कारण सरकारवाचून चालते हे तो दाखवत होता.

हॅना आरंट यांनी ‘ऑन रेव्होल्यूशन’ या १९६३ च्या ग्रंथात याच गोष्टीवर बोट ठेवले आहे. १८७१ चे पॅरिस, १९०५ आणि १९१७ चा रशिया, १९५६ चे हंगेरी: सत्ता कोसळली की सामान्य माणसे कोणी न शिकवता आपापल्या मंडळ्या उभारतात आणि क्रांतीचे धंदेवाईक पुढारी चकित होऊन पाहत राहतात. या यादीत सोलापूर नाही. असायला हवे होते. सोलापूरच्या आधी, १९३० च्याच २३ एप्रिलला, पेशावरच्या किस्साख्वानी बाजारात गोळीबार झाला, चंद्रसिंह गढवाली यांच्या सैनिकांनी नि:शस्त्र लोकांवर बंदूक चालवायला नकार दिला आणि ते शहरही काही दिवस हातातून गेले. पुढे साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने १९४३ पासून गावोगाव न्याय दिला. मराठी माणसाला स्वराज्याचा सराव घडला, फक्त सोलापुरात तो एकाएकी, तयारीशिवाय करावा लागला.

१२ मे रोजी मार्शल लॉ पुकारून शहर लष्कराच्या हाती दिले गेले. व्हाइसरॉय आयर्विन यांनी खास वटहुकूम काढून या कारभाराला कायद्याचे कातडे पांघरले. सत्ता घाबरली की किती क्षुल्लक होते, ते सोलापूरने जून संपेपर्यंत पाहिले: गांधी टोपी हा गुन्हा, तिरंगा हा गुन्हा. नगरपालिकेवर फडकलेला झेंडा सैनिकांना सलत होता. बंदूक छातीशी असतानाही सत्याग्रही तुळशीदास जाधवांनी टोपी काढली नाही, ही आठवण गावात आजही सांगतात. मला तर त्या टोपीत सगळे आंदोलन मावलेले दिसते.

मग खटला. मंगळवार पेठेतल्या पोलिसांच्या खुनाचा आरोप ठेवून चौघांना फाशी सुनावली: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि ‘गझनफर’ पत्राचे तरुण संपादक कुर्बान हुसेन. उच्च न्यायालयापासून प्रिव्ही कौन्सिलपर्यंत दारे ठोठावून झाली. १२ जानेवारी १९३१ रोजी, सोलापूर सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या तयारीत असताना, संक्रांतीच्या तोंडावर, येरवड्यात त्यांना फाशी दिली. ज्यांच्या अटकेवरून हे सारे पेटले ते गांधीजी त्या वेळी त्याच तुरुंगात होते. त्यांची सुटका २६ जानेवारीला झाली. मार्चमध्ये गांधी-आयर्विन करार झाला, अहिंसक सत्याग्रहींना तुरुंगाची दारे उघडली. हिंसेचा शिक्का बसलेल्यांना नाही. हा करार दोन महिने आधी झाला असता तरी ते चौघे सुटले नसते, हे कटू आहे आणि त्याचा सल मला टोचतो.

धनशेट्टी ८ मेच्या गर्दीत लोकांना आवरत होते, कलेक्टरला वाचवायला मध्ये पडले, असे सोलापूरकर सांगत आले आहेत. ते खरे असेल तर न्यायासनासमोर काय झाले, हा प्रश्न उरतो. तरी मंगळवार पेठेत मेलेले पोलीस आपलेच होते, गरीब घरचे, पोटासाठी चाकरीत आलेले. त्यांच्या मृत्यूचा उल्लेख आपण भाषणांत घाईने उरकतो. चौघांची थोरवी त्याने कमी होत नाही. उलट, हुकूमशाहीचे पाप असे की ती आपल्या माणसाच्या अंगावर आपल्याच माणसाला घालते आणि दोघांच्याही रक्ताचा हिशेब तिच्या खात्यावर लागत नाही.

चार पुतळ्यांच्या चौकात दर १२ जानेवारीला हार पडतात, ते पडावेत. पण मृत्यूचाच दिवस साजरा केला की मुलांच्या मनात देशभक्ती म्हणजे फाशी एवढेच उरते. सोलापूरच्या शाळांना आणि महापालिकेला माझी कळकळीची विनंती आहे: ९ ते ११ मे हे तीन दिवसही पाळा. सुट्टीचे दिवस आहेत, तरी पाळा. पेठांतून मुलांना घेऊन फिरा, शिंदीची झाडे कुठे होती, चौकी कुठे होती, स्वयंसेवक कोणत्या नाक्यावर उभे असतील, हे चालता चालता सांगा. शहर सोडून सरकार निघून गेले होते आणि शहर चालले होते.