मयताची जिंदगी

यंदाच्या गणेशोत्सवात, मरोळ नाक्याजवळच्या आमच्या सोसायटीत, आरती आणि प्रसाद यांच्या मधल्या अवकाशात एका गुंतवणूक-सल्लागारांचे व्याख्यान झाले, आणि एरवी भविष्यवेत्त्यांनाच शोभावा अशा आत्मविश्वासाने त्यांनी सिद्धान्त मांडला की, मृत्युपत्र करावे, प्रत्येक खात्यावर नामनिर्देशन नोंदवावे, म्हणजे घरात तंटा उद्भवतच नाही. टाळ्या पडल्या, मृत्युपत्राचे छापील नमुने वाटले गेले. तंटा कागदाच्या अभावी होतो हे त्यांचे गृहीतकृत्य, आणि माझा कज्जा त्या गृहीतकृत्याशीच आहे.

भविष्यवेत्त्यांचा उल्लेख सहेतुक केला. १९७३ पासून ज्यांच्या दिनदर्शिकेने महाराष्ट्राच्या भिंतींवर मुहूर्त टांगले, त्या ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकरांनी २७ जून २०११ रोजी रीतसर मृत्युपत्र केले होते, काही ठेवींवर आणि म्युच्युअल फंडांवर नामनिर्देशनेही होती. २० ऑगस्ट २०१३ रोजी ते निवर्तले, आणि नामनिर्देशित हाच मालक की वारस मालक, हा वाद सर्वोच्च न्यायालयाच्या १४ डिसेंबर २०२३ च्या निकालापर्यंत चालला. नामनिर्देशनाने वारसाहक्क बुडत नाही, असे न्यायालयाने ठरवले. सल्लागारांनी सांगितलेले दोन्ही कागद इथे हजर होते. वाद शिरला तो त्या दोहोंमधल्या फटीतून.

परंतु सल्लागारांचा खरा प्रतिवादी साळगावकर नव्हेत, तो विज्ञानेश्वर. कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या राजवटीत बसून याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ लिहिणाऱ्या या पुरुषाने विचारलेला प्रश्न मला आजही त्या सभेतल्या सगळ्या प्रश्नोत्तरांहून ताजा वाटतो: वाटणीमुळे मालकी निर्माण होते, की मालकी आधीच असते म्हणून वाटणी होते? बंगालच्या जीमूतवाहनाच्या मते बाप गेला की मुलाचे स्वत्व उत्पन्न होते. विज्ञानेश्वराच्या मते वडिलार्जित मिळकतीत ते जन्मानेच असते. हा भेद केवळ शास्त्र्यांचा नव्हे. पहिल्या मतात बाप दाता ठरतो आणि मुले याचक. दुसऱ्यात बाप हा मधल्या काळापुरता व्यवस्था पाहणारा, आणि ज्याला द्यायचे तो आधीच धनी. आमच्या खेड्यातली बायको नवऱ्याला ‘मालक’ही म्हणते आणि ‘कारभारी’ही, विज्ञानेश्वराने यांतला दुसरा शब्द निःसंशय उचलला असता. ‘तुमची संपत्ती, तुमची इच्छा’ असे आमचे सल्लागार ज्या क्षणी म्हणाले, त्या क्षणी ते नकळत जीमूतवाहनाच्या पंक्तीला जाऊन बसले, आणि कारभाऱ्याने हिशेब द्यायचा असतो, इच्छा सांगायची नसते, ही साधी गोष्ट मंडपात कुणाच्या ध्यानीही आली नाही.

जुन्या दस्तांत मेलेल्या माणसाच्या मिळकतीला ‘मयताची जिंदगी’ म्हणतात. माणूस संपल्यावर जे उरते त्याला जिंदगी म्हणणाऱ्या त्या अज्ञात कारकुनाला विनोद करायचा होता असे वाटत नाही. पण वारस मंडळी त्या शब्दाला जितकी जागतात तितकी मयताच्या हयातीत क्वचितच जागली असतील.

इथवर लिहून लेख संपवावा, असा बेत होता. पण माझ्या विज्ञानेश्वराने ज्याला जन्मसिद्ध स्वत्व दिले तो मुलगा होता, मुलगी नव्हे. ‘व्यवहारमयूखा’च्या नीळकंठ भट्टांनी बहिणीला वारसांच्या ओळीत थोडी वरची जागा दिली, तेवढाच काय तो आमच्या पश्चिमेकडचा दिलासा. मुलीला सहदायाद व्हायला महाराष्ट्रात १९९४ उजाडले, तेही तोवर लग्न झालेल्यांना वगळून, देशभर २००५, आणि २००५ मध्ये बाप हयात नसला तरी तिचा हक्क जन्मापासूनचाच, हे न्यायालयाच्या तोंडून यायला २०२०. आमच्या मरोळ गावठाणातल्या ईस्ट इंडियन शेजाऱ्यांना लागू असलेल्या १९२५ च्या कायद्यात, मृत्युपत्र नसेल तर विधवेला तृतीयांश आणि उरलेल्यात मुलगा-मुलगी समान, हे केव्हाचे लिहिलेले आहे.

शिवाय ही जन्मसिद्धता पोचते कुठे? शेतात, वाड्यात. भविष्यनिर्वाह निधीतून पैसे उचलून आणि कर्ज काढून घेतलेली मरोळची खोली स्वकष्टार्जित. तिथे विज्ञानेश्वराचा अंमल चालत नाही. बापाने एका ओळीत मुलीला वगळले तरी कायदा हात जोडून उभा राहतो. उलट बाप काहीच न लिहिता गेला तर १९५६ च्या कायद्याने आई, मुलगा, मुलगी यांचे हिस्से सारखे. म्हणजे इथे मुलीचा हक्क बापाच्या मौनावर उभा. मग मौनच बरे, असा निष्कर्ष मी काढला असता. परंतु त्या मौनाचा अर्थ लावणारे कोण असतात, हे मला ठाऊक आहे.

आमचे वडील काही न लिहिता गेले. कायद्याने त्या मौनाचा अर्थ ‘समान’ असा लावला. आम्ही भावांनी ‘मुलांना’ असा लावला, आणि त्यात आम्हांला काही वावगे वाटले नाही. काही शे रुपयांच्या मुद्रांकावर ताईचे हक्कसोडपत्र झाले. दुय्यम निबंधकांसमोर अंगठा टेकवण्यापूर्वी तिने मला एवढेच विचारले, ‘बाबांनी कुठे काही लिहून ठेवलं नव्हतं का रे?’ मी ‘नाही’ म्हणालो. ते खरे होते, आणि ते म्हणताना मला हायसे वाटले, हेही खरे. हिस्सा सोडायला ती तयारच होती. ती शोधत होती ते वडिलांच्या हस्ताक्षरातले आपले नाव.

तेव्हा सल्लागारांचे म्हणणे चूकच, कागदाने तंटा मिटत नाही. पण कायदा जे आपणहून देतो तेसुद्धा कारभाऱ्याने स्वतःच्या हाताने, कारणांसह लिहावे आणि हयातीतच सर्वांसमोर वाचून दाखवावे, नाही तर त्याच्या मौनावर घरातले बलिष्ठ भाष्यकार आपली टीका लिहितात, इतके मला उशिरा कळले. त्यांचा छापील नमुना मी टाकून दिलेला नाही. त्यात मिळकतीचा रकाना आहे, वारसांचा आहे, दोन साक्षीदारांचा आहे, कारणांचा नाही. मात्र पाठीमागची बाजू पूर्ण कोरी आहे, आणि ताई भाऊबीजेला यायच्या आत ती मला भरायची आहे.